हिमप्रदेशांतील मुक्काम

गेल्या हिवाळ्याच्या आरंभीं आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमचा भाचा नोकरीनिमित्त योकोहामा येथें राहतो. त्यानें आम्हां उभयतांस जानेवारींत बोलाविलें, आणि नागानो प्रांतांतील डोंगरांत चार दिवस जावें, त्यानें बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळावा व आम्हीं तो पाहावा, असा बेत ठरला. मात्र उतरावें कोठें यावर एकमत होईना. भाच्याचें मत हॉटेलास: पलंग, टेबल, दारास कुलूप आणि जेवणाखाण्याची मोकळीक. आमचा आग्रह ऱ्योकानचा, म्हणजे त्या देशांतील जुन्या वळणाच्या पथिकगृहाचा. जपानांत जाऊन पलंगावरच निजावयाचें तर घर काय वाईट होतें, असें आम्हीं कांहींशा तोऱ्यांत विचारलें. तिसरें मत स्वयंपाकघरांतून आलें, आणि तें गुडघ्यांच्या बाजूचें होतें: जमिनीवर बसणें-उठणें चार दिवस कोणाला झेपणार आहे? वाद मिटावा म्हणून आम्हीं पुस्तकें उघडलीं, आणि पुस्तकांनीं आपल्या नित्याच्या रीतीप्रमाणें तो वाढविला. ज्यास आम्ही जुनें म्हणत होतों तें बरेंचसें नवें निघालें. आणि ज्यास परकें म्हणत होतों तें त्या देशाच्या सरकारनें स्वहस्तें लाविलेलें रोप होतें.

जपानी पथिकगृहाचा इतिहास तेथील रस्त्यांच्या इतिहासापासून निराळा काढतां येत नाहीं. इ. स. १६०१ मध्यें तोकुगावा इएयासु यानें एदो, म्हणजे हल्लींचें टोकियो, आणि क्योतो यांमधील तोकाइदो मार्गावर घोड्यांच्या टप्प्यांची व्यवस्था लाविली. पुढें या मार्गावर त्रेपन्न टप्पे झाले. १६३५ मध्यें सरदारांनीं आळीपाळीनें एदोस येऊन राहिलेंच पाहिजे असा निर्बंध झाला, आणि दरवर्षीं शेंकडों माणसांचे लवाजमे या रस्त्यांवरून जाऊं येऊं लागले. सरदारासाठीं टप्प्यावरील प्रतिष्ठित घर राखून ठेवीत, तें 'होन्जिन'. सामान्य प्रवाशास 'हातागो'. तेथें रात्रीचें व सकाळचें अशीं दोन जेवणें मिळत. त्याहूनही गरीब मनुष्य 'किचिन-यादो' मध्यें उतरे. शिधा त्याचा स्वतःचा. द्यावयाचें तें केवळ जळणाचें मोल, आणि किचिन या शब्दाचा अर्थही तोच. हातागो हें मूळचें घोड्याच्या दाण्याच्या टोपलीचें नांव. आजच्या महागड्या ऱ्योकानच्या वंशवृक्षाच्या मुळाशीं ही टोपली आहे, हें त्या घराच्या सुबक पुस्तिकेंत सहसा छापलेलें नसतें.

या हातागोंची कीर्ति निष्कलंक नव्हती. हिरोशिगे या चित्रकारानें १८३३-३४ च्या सुमारास तोकाइदोची जी चित्रमाला काढिली, तींत गोयु टप्प्याचें एक चित्र आहे. संध्याकाळ झाली आहे आणि एका धष्टपुष्ट बाईनें वाटसरूच्या गळ्यांतील गांठोडें पकडून त्यास आपल्या घराकडे ओढीत चालविलें आहे. बिचाऱ्याचा श्वास कोंडतो आहे. चित्र हास्यरसाचें खरें, परंतु त्यामागील वस्तुस्थिति हास्याची नाहीं. भात वाढणारी म्हणून ठेविलेल्या या स्त्रियांकडून पुष्कळ ठिकाणीं देहविक्रय करविला जाई. १७१८ मध्यें सरकारनें दर घरीं अशा दोनच स्त्रिया असाव्यात असा नियम केला. नियम केला, म्हणजे धंदा मान्यच केला. अशा घरांत एकट्या, मितव्ययी, सज्जन प्रवाशाचें स्वागत थंडच होई. त्याच्यापासून मालकास प्राप्ति ती किती?

येथें एका दुकानदाराची गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. ओसाका शहरीं मात्सुया जिन्शिरो नांवाचा व्यापारी कापूस पिंजण्याच्या धनुष्याच्या तांतीचा धंदा करी. त्याचा गुमास्ता तांती विकीत गांवोगांव हिंडे, आणि मुक्कामाला बरी जागा मिळत नाहीं हें त्याचें नित्याचें गाऱ्हाणें असे. १८०४ मध्यें या मंडळींनीं एक संघ काढिला. त्याचें नांव 'नानिवा-को'. संघानें ठिकठिकाणचीं विश्वासाचीं पथिकगृहें निवडलीं, त्यांच्या दारावर संघाची पाटी लाविली, यादी छापून सभासदांस दिली, आणि सभासदांस ओळखपट्टी दिली. अट दुहेरी होती. गृहस्वामीनें लबाडी करावयाची नाहीं. आणि प्रवाशानेंही जुगार, वेश्या व मद्यपानाचा धिंगाणा यांपासून दूर राहावयाचें. आजचा प्रवासी हातांतल्या यंत्रावर तारे मोजून बिऱ्हाड ठरवितो. तारे देण्याचा अधिकार त्यास आहे, परंतु त्याच्या स्वतःच्या वर्तनाबद्दल पाटी कोणी लावीत नाहीं. तांत विकणाऱ्यांची व्यवस्था आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

आतां रस्ता सोडून डोंगरांत जाऊं. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील एचिगो व शिनानो या जुन्या प्रांतांत, म्हणजे हल्लींच्या निइगाता व नागानो येथें, समुद्रावरून येणारे ओलसर वारे पर्वतांवर आपटून इतकें बर्फ टाकतात कीं घरांचे खालचे मजले गाडले जातात. एचिगोंतील शिओझावा गांवचा कापडाचा व्यापारी सुझुकि बोकुशि यानें या बर्फावर एक ग्रंथ लिहिला. त्याचें प्रकाशन १८३७ मध्यें सुरू झालें. उष्ण मुलुखांतील लोक थोडेंसें बर्फ पाहून काव्यें करतात, आणि आम्ही मात्र तें उपसतां उपसतां मरतों, हा त्याच्या लिहिण्यांतील सूर आहे. पिकें निघालीं कीं या प्रांतांतील पुरुष दूरच्या गांवीं मद्य गाळण्याच्या किंवा अन्य मजुरीच्या कामास जात, आणि बायका, मुलें व म्हातारे बर्फाखालीं हिवाळा काढीत. गरम पाण्याचे झरे जेथें होते तेथें मात्र शेतकरी कामें आटोपल्यावर दुखरीं अंगें शेकण्यास येत, आपला तांदूळ बरोबर आणीत, आणि आठ-पंधरा दिवस राहात. आज ज्यास आपण उष्णोदकाचें ऱ्योकान म्हणून पैसे मोजतों त्यांतील कित्येक घरें मुळांत हीं अशीं, कष्टकऱ्यांच्या पाठीच्या दुखण्यावर चालणारीं होतीं.

हॉटेल या देशांत आलें तें परकीयांच्या पायीं. निक्को येथें कानाया यांनीं १८७३ मध्यें आपल्या घरांत परदेशी पाहुणे ठेवण्यास प्रारंभ केला. मियानोशिता येथील फुजिया हॉटेल १८७८ मधलें. त्याच १८७८ सालीं इझाबेला बर्ड ही इंग्रज बाई उत्तरेकडे एकटी, एका दुभाष्यासह, हिंडून आली. कानाया यांच्या घरीं ती सुखांत राहिली; पण पुढें खेड्यांतील पथिकगृहांतल्या पिसवा आणि कागदी पडद्यांच्या भोकांतून रोंखलेले डोळे यांनीं तिला भंडावून सोडलें. पडद्यामागच्या त्या माणसांस दोष देण्यास आमचें मन घेत नाहीं. त्यांनीं तोंवर गोरी बाई पाहिली नव्हती.

बर्फ हा खेळाचा विषय होण्यापूर्वीं तो मृत्यूचा विषय झाला होता. जानेवारी १९०२ मध्यें आओमोरि येथील पायदळाची २१० माणसें सरावासाठीं हाक्कोदा पर्वतांत शिरलीं, वादळांत सांपडलीं, आणि त्यांतलीं १९९ मेलीं. पुढें रशियाला जिंकणारें हें सैन्य कसें आहे तें पाहण्यास ऑस्ट्रिया-हंगेरीनें मेजर थिओडोर फॉन लेर्ख यास पाठविलें. तो ताकादा येथील तळावर असतां, १२ जानेवारी १९११ रोजीं, त्यानें जपानी अधिकाऱ्यांस पायांस लांब फळ्या बांधून एका काठीच्या आधारें उतरणीवरून घसरण्याचा पहिला पाठ दिला. जनरल नागाओका गाइशि याचें त्यास पाठबळ होतें. लष्करापासून विद्या शाळांकडे आणि शाळांपासून गांवांकडे गेली. नोझावा या उष्णोदकाच्या खेड्यांत १९२३ मध्यें स्कीचें मंडळ निघालें, आणि १९३० मध्यें आल्प्स पर्वतांतील नामांकित शिक्षक हानेस श्नायडर तेथें येऊन घसरून गेला. १९३१ मध्यें सुमारें पावणेदहा किलोमीटर लांबीचा शिमिझु बोगदा खुला झाला, आणि टोकियोचा मनुष्य आगगाडींत बसून थेट हिमप्रदेशांत उतरूं लागला. युझावा येथील ताकाहान या ऱ्योकानांत १९३४ पासून कावाबाता यासुनारि येऊन राही, आणि 'युकिगुनि' ही त्याची कादंबरी तेथें आकारास आली. १९६८ मध्यें त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. तें लांकडी घर आतां उरलें नाहीं. नव्या इमारतींत ती एक खोली तेवढी जपून ठेविली आहे.

आणि याच सुमारास सरकारनें आपलें रोप लाविलें. परकीय चलन मिळावें म्हणून १९३० मध्यें रेल्वे खात्याखालीं आंतरराष्ट्रीय पर्यटनाचें एक कार्यालय निघालें, आणि सरकारी निधींतून अल्प व्याजाचीं कर्जें देऊन देशभर पाश्चात्य पद्धतीचीं हॉटेलें उभारण्यांत आलीं. शिगा पठारावरील व आकाकुरा येथील हॉटेलें हीं त्या मालिकेंतलीं, दोन्ही १९३७ सालचीं. लक्ष १९४० च्या ऑलिम्पिक सामन्यांकडे होतें. हिवाळी सामने साप्पोरो येथें व्हावयाचे होते. परंतु हॉटेलें उघडलीं त्याच वर्षीं चीनशीं युद्ध पेटलें, आणि १९३८ मध्यें जपाननें सामन्यांचा मान परत केला. ज्या परदेशी पाहुण्यांची वाट पाहिली ते अखेर आले, परंतु जेते म्हणून! पराभवानंतर अमेरिकन सैन्यानें दोन्ही हॉटेलें ताब्यांत घेतलीं. माणसांस डोंगरावर वाहून नेणारे जपानांतले पहिले पाळणेही १९४६-४७ च्या हिवाळ्यांत याच सैन्यासाठीं शिगा पठारावर व साप्पोरोस उभे राहिले.

खऱ्या लोकांच्या हिवाळ्यांत पालट घडविला तो मात्र ना हॉटेलानें, ना नामवंत ऱ्योकाननें. हाकुबा खोऱ्यांतल्या होसोनो खेड्यांत, जेथील पुरुष उन्हाळ्यांत गिर्यारोहकांचे वाटाडे होत, तेथें शेतकऱ्यांनीं १९३० च्या दशकांत आपलीं घरें स्की खेळणाऱ्यांस उघडून दिलीं. चुलीवर जें शिजेल तें पाहुण्यास. ही 'मिन्शुकु', म्हणजे लोकांच्या घरचें बिऱ्हाड, युद्धोत्तर काळांत सर्व हिमप्रदेशांत पसरली, आणि हिवाळ्यांत परगांवीं मजुरीस जाणारा बाप घरीं राहूं लागला. सुझुकि बोकुशि हें पाहावयास असता तर त्याचा विश्वास बसता ना. त्याला ज्याचा शाप वाटला त्याच बर्फानें कुटुंबें एकत्र केलीं.

अर्थात् लोभ आलाच. १९८२ मध्यें वेगवान गाडी युझावावरून धांवूं लागली. जमिनीचे भाव वाढले. शेतांतून उंच सदनिकांचे मनोरे उठले. १९९३ च्या सुमारास वर्षाकांठीं स्की खेळणाऱ्यांची संख्या पावणेदोन कोटींच्या वर गेली, आणि मग ओसरली ती परत चढली नाहीं. त्या मनोऱ्यांतील सदनिका कवडीमोलानें विकल्या गेल्या. ऱ्योकानांची देशांतील संख्या १९८० च्या सुमारास ऐंशी हजारांहून अधिक होती, ती चाळीस वर्षांच्या आंत चाळीस हजारांखालीं आली. पुढली पिढी पहांटे पांचाला उठून पाहुण्यांच्या न्याहारीची तबकें मांडण्यास तयार नाहीं, हें त्याचें एक कारण. आणि तिला दोष देण्याचा अधिकार, ज्यांचीं मुलें शहरांत वा परदेशीं आहेत अशा आम्हां लोकांस तर मुळींच नाहीं. १९४८ च्या कायद्यानें हॉटेल व ऱ्योकान हे दोन वर्ग पाडले होते. २०१८ मध्यें कायद्यानेंच ते एक केले. आतां भेद उरला तो नांवापुरता आणि चालीरीतींचा.

त्या चालीरीती मात्र निवड करणाऱ्यानें नीट ध्यानांत घ्याव्यात. ऱ्योकानचा आकार बहुधा खोलीमागें नसून माणशीं असतो व त्यांत दोन जेवणें येतात. ही हातागोचीच रीत. संध्याकाळचें जेवण सहा-साडेसहाला म्हणजे तेव्हांच, आणि डोंगरावरून उशिरा परतणाऱ्या खेळाडूची तेथें पंचाईत होते. एकट्या प्रवाशास कांहीं घरें आजही नाखुशीनेंच घेतात, म्हणजे गुमास्त्याचें गाऱ्हाणें जिवंत आहे. बूट व हातमोजे वाळविण्याची खोली आहे कीं नाहीं हें तर सर्वांआधीं विचारावें; ओल्या बुटांचें दुःख ज्यानें भोगलें नाहीं त्याला आमच्या या सूचनेचें हंसूं येईल.

शेवटीं तह झाला: दोन रात्री शिगा पठारावर हॉटेल, दोन रात्री नोझावा येथें ऱ्योकान. हॉटेलाविषयीं लिहिण्यासारखें विशेष नाहीं. तें उबदार होतें आणि भाचा सुखी होता. नोझावास तेरा सार्वजनिक स्नानगृहें आहेत आणि गांवकऱ्यांचे गट पाळीपाळीनें तीं झाडून पुसून ठेवतात. पाणी इतकें कढत कीं आम्ही कांठावर घोटाळत उभे राहिलों, तेव्हां एका वृद्ध गृहस्थानें न बोलतां थंड पाण्याचा नळ सोडला, आणि आम्ही आंत उतरेपर्यंत तो धरून बसला. ऱ्योकानांत जेवावयास गेलों तों चटयांवर बुटक्या खुर्च्या मांडलेल्या. परकीयांच्या सोयीसाठीं ही परंपरा मोडली काय, असें आम्हीं भाच्याकरवीं मालकीणबाईंस विचारलें. त्या हंसल्या. परकीय पाहुणे तर जमिनीवर बसण्याचाच हट्ट धरतात, त्या म्हणाल्या; खुर्च्या आणिल्या त्या सासूबाईंच्या मैत्रिणींसाठीं, त्यांचे गुडघे दुखतात. आमच्याकडे एकवार पाहिलें गेलें, आणि उरलेलें जेवण आम्हीं मुकाट्यानें खुर्चीवर बसून केलें.