तेल म्हणजे कशाचं तेल?

दुकानात गेलं की आपण म्हणतो, "एक लिटर तेल द्या." कशाचं, हे सांगायच्या आत दुकानदार पाकीट पुढं करतो. फार पूर्वी 'कशाचं' हा प्रश्नच नव्हता. तेल म्हणजे तिळाचंच. संस्कृतात 'तिल' वरून 'तैल' झालं, म्हणजे तिळातून निघालेलं. त्याचंच आपलं तेल. तीळ आपल्याकडं किती जुने? हडप्पाच्या उत्खननात जळून काळे पडलेले तीळ सापडलेत, चार हजार वर्षांहून जुने.

मग घाण्यात करडई पडली, जवस पडला, एरंड पडला, पण नाव तिळाचंच राहिलं. एरंडेल, खोबरेल म्हणतो ना आपण, त्या शब्दांच्या शेपटीलाही तोच तीळ चिकटलाय. आणि 'तिळाचं तेल' म्हणताना तर आपण तीळ दोनदा म्हणतो! इंग्रजांचंही तसंच झालंय. त्यांचा 'ऑइल' शब्द ऑलिव्हच्या फळावरून आलेला.

तेल गाळणारे ते तेली. कोकणात बेने इस्रायली ज्यू लोकही हाच धंदा करायचे. त्यांच्या धर्मात शनिवार विश्रांतीचा, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. नावात धंदाही आला आणि सुट्टीही.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा, सूर्यफूल उत्तर अमेरिकेचं, सोयाबीन चीनचं. पामचं झाड आफ्रिकेचं, त्याचं तेल आता इंडोनेशिया-मलेशियातून जहाजानं येतं. या सगळ्यांना आपण एकाच शब्दात बसवलं. घाणा गावात होता तोवर बी कुठलं पडतंय ते डोळ्यांना दिसायचं, पेंडही आपल्याच म्हशीपुढं यायची. पाकिटातल्या तेलाचं तसं नाही.

बचत गटाच्या बायांना हे जास्त लागू. चकली, शेव, चिवडा पाकिटात घालून विकायचा तर घटकांमध्ये नुसतं 'तेल' लिहून भागत नाही, कोणतं तेल ते लिहावं लागतं. विकत आणलेलं तेल मिश्र असेल, तर त्यात कोणतं किती टक्के आहे हे पाकिटावर छापलेलं असतं. अक्षर बारीक असतं, चष्मा लावूनच बघा.