न पाठवलेली पत्रे

उर्दूत पत्राच्या मायन्याला ‘अल्काब-ओ-आदाब’ म्हणतात. कोणाला कसे संबोधायचे, सलाम कसा लिहायचा, हे सारे ठरलेले असते. पण पत्रात जीव येतो तो पुढच्या मजकुराने, समोर नसलेल्या माणसापाशी मन मोकळे केल्याने. मौलाना अबुल कलाम आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ वाचताना हे पटते.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत अटक झाल्यावर आझादांना नेहरू, पटेल आदी सहकाऱ्यांसह अहमदनगरच्या किल्ल्यात आणले गेले. तिथे ते आपले मित्र मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहू लागले. ती पाठवता येणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. तरी भल्या पहाटे उठून, स्वतः केलेला बिनदुधाचा चिनी चहा घेत ते लिहीत. विषय तरी किती! चहा, संगीत, ईश्वराचे अस्तित्व आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या. भाषा अरबी-फारसीने नटलेली, पण चिमण्यांशी आधी झालेले युद्ध आणि मग जमलेली दोस्ती ते मिस्कीलपणे सांगतात.

त्याच काळात कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ झाल्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर ती पोचवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. आझादांनी नकार दिला. ९ एप्रिल १९४३ला बेगम गेल्या. दिनक्रम त्यांनी मोडू दिला नाही. पण दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात ते मान्य करतात, की चेहऱ्यावरची शांतता प्रयत्नाने आणलेली होती. किल्ल्याच्या आवारात कुणा अनोळखी माणसाची जुनी कबर होती. ती रोज दिसे, पण आता तिच्याविषयी वेगळीच आपुलकी वाटते, असेही ते लिहितात.

जे तुरुंगाधिकाऱ्याला दिसू दिले नाही, ते मित्राला सांगितले. रोजनिशीत माणूस स्वतःशी बोलतो. पत्रात ऐकणारा कुणी असतो, तो शेकडो कोस दूर असला तरी.

सुटकेनंतर, १९४६ साली ही पत्रे पुस्तकरूपाने आली. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच किल्ल्यात लिहिले, हे आपल्याकडे शाळेतली मुलेही सांगतात. उर्दू गद्यातली ही अभिजात कृतीही त्याच भिंतींआड, महाराष्ट्राच्या मातीत लिहिली गेली, हेही त्यांना सांगायला हवे. ती पत्रे शेरवानींच्या नावाची होती खरी, पण आता त्यांवर आपलाही हक्क आहे.