शून्याने भागाकार : डेटाबेसमधील हाताळणी

डेटाबेसमध्ये टक्केवारी, सरासरी किंवा दर काढताना भाजक शून्य आल्यास उद्भवणारी स्थिती व तिच्यावरील उपाय. ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त (इ. स. ६२८) शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे मानले होते, आधुनिक गणितात शून्याने भागाकार अव्याख्यात आहे.

संगणक प्रणाली ही अडचण वेगवेगळ्या रीतीने सोडवतात. पोस्टग्रेएसक्यूएल व ओरॅकल त्रुटी दाखवून क्वेरी थांबवतात. एसक्यूलाइट ‘नल’, म्हणजे ‘मूल्य उपलब्ध नाही’, असे उत्तर देते.

रूढ उपाय ‘नलइफ’ या फलनाचा आहे. समजा, पटावर ६० विद्यार्थी असून ४५ हजर आहेत. १००.० × ४५ ÷ नलइफ(६०, ०) याचे उत्तर ७५ येते. पट शून्य असेल, तर भाजक ‘नल’ होतो, उत्तरही ‘नल’ येते आणि अहवाल अडत नाही. येथे १००.० मधील दशांश महत्त्वाचा आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नुसते ४५ ÷ ६० केल्यास पूर्णांकी भागाकार होऊन ० मिळतो. ‘नल’च्या जागी सरसकट शून्य भरणे घातक ठरते. सरासरी काढताना ‘नल’ वगळला जातो, शून्य मात्र धरले जाते व सरासरी खोटी उतरते.

संख्येची मांडणी सर्वांत शेवटी करावी. संख्येचे मजकुरात रूपांतर करणाऱ्या ‘टू_चार’ या फलनाला ९९,९९,९९९ हा साचा दिल्यास १२३४५६७ ही संख्या १२,३४,५६७ अशी दिसते, परंतु ती आता मजकूर असते. मजकुराच्या क्रमवारीत १० हे ९ च्या आधी येते.