किती दिवस जपायची वही?

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका बुकिंग ऑफिसच्या माळ्यावर बिल्टीची जुनी बुकं सुतळीनं बांधून ठेवलेली आहेत. प्रत्येक गठ्ठ्यावर वर्ष टाकलेलं. बिल्टीची एक प्रत माल पाठवणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, एक ड्रायव्हरच्या हाती जाणारी. बुकात राहते ती सगळ्यात खालची, त्यामुळे कार्बनचं अक्षर तिथं सगळ्यात फिकं. तरी वाचता येतं : गुळाचे रवे किती, वजन किती, कुठून कुठं, गाडी नंबर. गाडी किती वाजता सुटली आणि चालवणारा त्याआधी किती तास जागा होता, यासाठी मात्र त्या छापील कागदावर रकानाच नाही.

हा रकाना कुठं हरवला, ते शोधायचं तर जरा मागं जावं लागतं. मालवाहतुकीचा आपला जुना शब्द हुंडेकरी. वाटेतल्या जकातीसकट ठोक दरानं माल पोचवण्याचा मक्ता घेणारा तो हुंडेकरी. घाट उतरून राजापूरच्या बंदराकडे बैल चालत, तेव्हा त्याच्याजवळच्या कागदाचं काम एवढंच, की माल कुणाचा आणि जकात भरली का. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, आणि रेल्वेच्या पावतीबरोबर बिल्टी हा शब्द पेठेत रुळला. कोशकार त्याचं मूळ इंग्रजी ‘बिलेट’मध्ये, म्हणजे चिठ्ठीत, शोधतात. पुढं ट्रक आले आणि त्यांनी ही चिठ्ठी जशीच्या तशी उचलली. तिची सगळी वंशावळ मालाची आहे, माणसाची नाही.

माणसाचे तास नोंदवणाऱ्या लॉगबुकाचं कूळ वेगळं. लॉग म्हणजे ओंडका. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकत. विल्यम बोर्न या इंग्रजानं १५७४ च्या आपल्या पुस्तकात ही रीत वर्णन केली आहे. पुढं तिचं माप पक्कं झालं : दोरीला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ, आणि २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ. वाळू संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकतील, तितका वेग. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींमध्ये सांगतात, तो यामुळेच. ओंडक्याचा हा आकडा ज्या वहीत उतरवायचा, ती लॉगबुक. कोण पहाऱ्यावर होतं, वारा कसा होता, हेही हळूहळू तीत येऊ लागलं.

समुद्रावरची ही वही रस्त्यावर आली ती झोपेच्या प्रश्नामुळे. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस ट्रकचालकांचे तास बांधले गेले आणि चालकाच्या रोजच्या नोंदी सुरू झाल्या. तिथल्या नियमानं वाहतूकदारानं त्या ६ महिने ठेवायच्या आणि चालकानं मागच्या ७ दिवसांच्या जवळ बाळगायच्या. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं १९३९ मध्ये रस्तावाहतुकीच्या तासांविषयी जो करार केला, त्यात प्रत्येक चालकाची स्वतंत्र नियंत्रण पुस्तिका होती. युरोपनं १९७० पासून टॅकोग्राफ हे यंत्रच गाडीत बसवायला सुरुवात केली. तिथं कंपनीनं त्या नोंदी निदान १ वर्ष सांभाळायच्या असतात.

आपल्याकडे कायदा नव्हता असं नाही. १९३९ च्याच मोटार वाहन कायद्यात सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दिवसाला ९ तास, आठवड्याला ५४ तास ही मर्यादा होती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं ती ८ आणि ४८ वर आणली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं हेच तास साऱ्या व्यावसायिक वाहनांना लावले आणि ठरवलेल्या तासांची नोंद ठेवायला लावण्याचं काम राज्य सरकारच्या मर्जीवर सोडलं. मेख इथंच आहे. १९६१ च्या कायद्यातली तपासणीची व्यवस्था ५ किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होती. हप्त्यावर घेतलेल्या एकाच ट्रकचा मालक तीत कसा सापडणार? तास त्याच्या ड्रायव्हरलाही लागू होते, पण ते मोजणारी वही त्याच्या गाडीत कधी पोचली नाही.

मालाच्या कागदाला मात्र वय आहे, आणि ते वाढतच गेलं. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार माल हरवला वा खराब झाला तर बुकिंगपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणजे तोवर तरी बिल्टी हलवायची नाही. दाव्याची मुदत ३ वर्षांची, म्हणून शहाणा मुनीम तोवर बुक ठेवतो. जीएसटी आला आणि वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणं आलं. ई-वे बिलाला तर चालण्याचा वेगही आहे : २०२१ पासून साधारण मालाला २०० किलोमीटरला एक दिवस. कोल्हापूरहून मुंबईला निघालेल्या मालाला त्या हिशेबानं दोन दिवस मिळतात. हे दिवस मालाचे आहेत. तीच गाडी एका रात्रीत वाशी गाठते, आणि ती रात्र कुणी काढली हे कुठंच उमटत नाही. सहा वर्षं गुळाचं वजन जपणाऱ्या व्यवस्थेला ड्रायव्हरची एक रात्र ६ महिने जपता येऊ नये, हे मला पटत नाही.

माझे एक मामा तीस वर्षं ट्रकवर होते. त्यांच्या खिशातल्या डायऱ्या मामींनी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या आहेत. डिझेल, टोल, काटा, हमाली, पंक्चर, जेवण, ट्रिपचा अ‍ॅडव्हान्स, सगळं शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. काही पानांच्या कडेला एक बारीकसा गोल दिसला. विचारलं, तर म्हणाले, “झोप काढली की गोल करायचो.” मालक बघायचे का, असं विचारल्यावर ते हसले. “आरं, डिझेलचा हिशेब मागत्यात. झोपंचा कोण मागतंय?”

मी पानं उलटत गेलो. सुरतेच्या एका फेरीची सलग तीन पानं आहेत. टोल आहे, काटा आहे, दोनदा चहा आहे. तिन्ही पानांवर गोल नाही.