क्रिप्सचा चरित्रकार आणि इटलीची चित्रं

‘क्रिप्स योजना, १९४२’ हे शब्द आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केले आहेत, मग शाळा इंदूरची असो, बडोद्याची की बेळगावची. त्या स्टॅफर्ड क्रिप्सचं चरित्र एका अमेरिकन माणसाने दोनदा लिहिलं, १९४१ मध्ये आणि पुन्हा १९४९ मध्ये. त्याचं नाव एरिक एस्टोरिक. मी लंडनला गेलो तेव्हा त्याचा चित्रसंग्रह पाहायला मुद्दाम वेळ काढला.

इस्लिंग्टन भागात कॅननबरी स्क्वेअर नावाचा शांत चौक आहे. आपल्या मोतीहारीत जन्मलेला जॉर्ज ऑरवेल १९४४ नंतर काही काळ तिथेच राहायचा. चौकातल्या एका जुन्या जॉर्जियन घरात १९९८ पासून हे संग्रहालय आहे. सहा दालनं, बस. ब्रिटिश म्युझियममध्ये पाय दुखतात, इथे मान वळवली की पुढचं चित्र.

आणि चित्रं कोणाची? फ्युचरिस्टांची. १९०९ मध्ये मारिनेत्ती या कवीने पॅरिसच्या ‘ल फिगारो’त जाहीरनामा छापला: वेग, यंत्रं, युद्ध यांचा जयजयकार करा, संग्रहालयं पाडून टाका. त्यांची चित्रं आज संग्रहालयात नीट दिवे लावून टांगली आहेत, याचं मला तिथे हसू आलं. पण जाकोमो बाल्लाचं १९१२ चं व्हायोलिनवादकाचा हात दाखवणारं चित्र पाहिलं आणि हसू थांबलं. एकच हात अनेक जागी, चौकटही काटकोनी नाही. हात हलतो आहे असंच वाटतं. बोच्चोनीची १९११ ची ‘मॉडर्न आयडल’ तर विजेच्या उजेडात पेटलेला बाईचा चेहरा आहे. युद्धाचं कौतुक करणारा हा बोच्चोनी १९१६ मध्ये सैन्यात असताना घोड्यावरून पडून गेला. वय ३३.

पुढे मारिनेत्ती मुसोलिनीच्या बाजूला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर या चित्रांना फॅसिझमचा वास येऊ लागला. एस्टोरिकने खरेदी सुरू केली ती याच काळात. १९४७ मध्ये लग्न झालं, मधुचंद्राच्या प्रवासात बोच्चोनीचं पुस्तक हाती लागलं, आणि पठ्ठ्या थेट मिलानला मारिओ सिरोनीच्या स्टुडिओत पोचला. तिथली रेखाचित्रं त्याने आपल्या पॅकार्ड गाडीत मावतील तेवढी भरून घेतली.

आता हा सिरोनी कोण? मुसोलिनीच्या वृत्तपत्राचा चित्रकार, शेवटपर्यंत फॅसिस्ट. आणि एस्टोरिक कोण? रशिया सोडून अमेरिकेत आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती! गंमत अशी की सिरोनी जिवंत होता तोही विरोधकाच्या कृपेने. एप्रिल १९४५ मध्ये मिलानमधून निसटताना प्रतिकार सैनिकांनी त्याला अडवलं. त्यांच्यातल्या जान्नी रोदारीने, म्हणजे पुढे मुलांसाठी लिहिणारा प्रसिद्ध लेखक, त्याला ओळखलं आणि पास देऊन जाऊ दिलं.

माझं मत विचाराल तर रोदारीने योग्य केलं. चित्रकाराला गोळी घालून फॅसिझम मेला नसता. पण पैसे मोजून ती चित्रं घरी आणणं? तिथे मी अडखळतो. मी असतो तर दारातूनच परत फिरलो असतो, आणि मग हे घर उभंच राहिलं नसतं.

१९९३ मध्ये एस्टोरिक गेला. जाण्याआधी काही महिने त्याने पत्नी सलोमे आणि स्वतःच्या नावाने संस्था काढून सगळी इटालियन चित्रं तिला देऊन टाकली. सिरोनीही त्यात आहेच. निघण्यापूर्वी मी पुन्हा वर जाऊन बाल्लाचा तो हात पाहून आलो. सिरोनीपाशी मात्र दुसऱ्यांदा थांबलो नाही.