उपनिबंधकाचे बहात्तर आरसे

शास्त्राचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर विलायतेतील प्रयोगशाळा उभी राहते. परंतु सूर्यशक्तीच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले, आणि ते लिहिणारे गृहस्थ शास्त्रज्ञही नव्हते. विल्यम ॲडम्स हे त्यांचे नाव. मुंबई उच्च न्यायालयात ते उपनिबंधक होते. ते अधिकारी आणि मी साधा कारकून, पण दोघांचाही दिवस कागदपत्रांतच जाणारा. शिवाय मी कला शाखेचा पदवीधर, विज्ञानाशी माझा संबंध शाळेपुरताच. त्यामुळे हे नाव वाचनात आले तेव्हा मला त्यांच्याविषयी थोडी आपुलकीच वाटली.

त्या काळी फ्रान्समध्ये तूर येथील गणिताचे शिक्षक ऑगस्टिन मूशो सूर्यकिरणांवर बाष्पयंत्र चालवीत होते. नरसाळ्यासारखा एक मोठा धातूचा परावर्तक, त्याच्या मधोमध बॉयलर. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी सूर्याच्या उष्णतेवर बर्फ तयार करून दाखवला. मूशोंच्या यंत्राचे वर्णन ॲडम्ससाहेबांच्या वाचनात आले आणि त्यातले दोष त्यांना दिसले. धातूची झिलई लवकर जाते, परावर्तक फार मोठा करता येत नाही, आणि एवढे धूड सूर्यामागे फिरवणे कठीण.

त्यांनी काढलेला उपाय इतका साधा की आपल्याला का सुचला नाही असे वाटावे. एक मोठा वक्र परावर्तक करण्याऐवजी बाजारात मिळतात तसे सपाट आरसे घ्यायचे आणि प्रत्येक आरसा थोडा थोडा कलवून सगळ्यांचा प्रकाश एकाच जागी पाडायचा. बॉयलर जागेवरच राहील. आरशांची चौकट तेवढी अर्धवर्तुळाकार रुळावरून दिवसातून तीन-चार वेळा सरकवली की झाले. १७ इंच लांब आणि १० इंच रुंद असे ७२ आरसे लावले की १२०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६५० अंश सेल्सियस, उष्णता मिळते असा त्यांचा हिशेब होता. त्या झोतात धरलेले लाकूड तत्काळ पेटले. पुढे या आरशांवर अडीच अश्वशक्तीचे बाष्पयंत्र त्यांच्या बंगल्याच्या आवारात पंधरवडाभर चालले. ते पाहायला सेनाधिकारी, न्यायमूर्ती, गिरणीमालक असे बडे लोक येऊन गेले. सात सैनिकांचे मांस-भाजीचे जेवण जानेवारीच्या उन्हात दोन तासांत शिजवणारी सूर्यचूलही त्यांनी केली होती. 'सोलर हीट : अ सबस्टिट्यूट फॉर फ्यूएल इन ट्रॉपिकल कंट्रीज' हे त्यांचे पुस्तक १८७८ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याला पारितोषिकही मिळाले.

आणि मग? सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांना पुढचे सांगायला नको. सर्वांनी कौतुक केले आणि प्रकरण तिथेच थांबले. फ्रान्समध्येही कोळसा स्वस्त झाल्याचे कारण देऊन सरकारने मूशोंच्या कामातून अंग काढून घेतले.

यानंतरचे एक नाव आम्हा गोमंतकीयांना गंमतीचे वाटेल. पाद्री हिमालय! गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते त्या काळातील हे पोर्तुगालचे पाद्री. खरे नाव मानुएल आंतोनिओ गोमिश. उंचीमुळे सोबत्यांनी त्यांना हिमालय म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झाले. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी सुमारे १३ मीटर उंचीची सौरभट्टी उभी केली. तिला सहा हजारांहून अधिक लहान आरसे होते, आणि उष्णता ३५०० अंश सेल्सियसपर्यंत गेली. एवढ्या उष्णतेने हवेतील नायट्रोजन पकडून शेतीसाठी खत करावे हा त्यांचा हेतू. बक्षीस मिळाले, पण कारखाना निघाला नाही.

इथपर्यंतचा इतिहास हा प्रकाश एकवटण्याचा. दुसरे अंग प्रकाश वेगळा करण्याचे आहे. पांढऱ्या उन्हात सर्व रंग असतात हे न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकातून दाखवले होते. विजेसाठी त्याचे महत्त्व कळायला मात्र सौरघट यावे लागले. समजा, एका बसच्या तिकिटाला दहा रुपये पडतात आणि कंडक्टर सुटे परत देत नाही. पाचाची नोट तो घेतच नाही. शंभराची घेतो, पण वरचे नव्वद बुडतात. सिलिकॉनचा सौरघट हा असा कंडक्टर. अवरक्त किरणांचा एक भाग त्याच्यातून निसटून जातो, आणि निळ्या किरणाची निम्म्याहून जास्त शक्ती नुसती उष्णता होऊन वाया जाते. यामुळे एकाच पदार्थाच्या घटाला साध्या उन्हातील सुमारे एक तृतीयांश शक्तीपलीकडे जाता येत नाही. या मर्यादेचे गणित शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, मांडले.

यावर एक तोड आहे. नोटा आधी वेगळ्या करायच्या आणि प्रत्येक नोट योग्य त्या खिडकीवर पाठवायची. काचेवर अत्यंत पातळ थर चढवले की ती काच काही रंग आरपार जाऊ देते आणि बाकीचे परत फेकते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने २०१४ साली अशी गाळणी वापरून ४० टक्क्यांहून अधिक प्रकाशाची वीज केली. ही रचना कशासाठी होती? अनेक आरशांनी एका मनोऱ्यावर प्रकाश फेकण्याच्या पद्धतीसाठी. म्हणजे तत्त्व तेच, मुंबईच्या उपनिबंधकाचे! त्याच तत्त्वावर कॅलिफोर्नियात १९८२ साली १८१८ आरशांचे, १० मेगावॉटचे 'सोलर वन' केंद्र सुरू झाले होते. मधे शंभराहून अधिक वर्षे गेली.

ही शंभर वर्षे कोळशाने जिंकली. त्याची किंमत कोण भरतो हे वास्कोच्या बंदराजवळ राहणाऱ्यांना विचारावे. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांना जातो, आणि त्याची काळी भुकटी वास्कोकरांच्या खिडक्यांवर बसते.

तथापि एकच बाजू सांगणे बरे नव्हे. आरशांना सूर्याचे थेट किरण लागतात. ढगांतून पसरलेला उजेड त्यांना एकवटता येत नाही. आमच्या चार महिन्यांच्या पावसात ॲडम्ससाहेबांचे यंत्र बसूनच राहिले असते. छपरावरच्या साध्या सौरपट्टीला ढगाळ दिवशीही थोडे तरी मिळते. शिवाय गेल्या पंधरा-वीस वर्षांत या पट्ट्या इतक्या स्वस्त झाल्या की भिंगे, आरसे आणि गाळण्या करणाऱ्या अनेक कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. म्हणजे हुशार युक्तीला स्वस्त मालाने पुन्हा एकदा हरवले. फरक एवढाच, की १८७८ नंतर हरवणारा कोळसा होता आणि या खेपेस हरवणाराही सूर्यच आहे.

अडीच अश्वशक्ती म्हणजे काही फार नव्हे. परंतु कचेरीच्या कामातून वेळ काढून एका माणसाने ती उन्हातून काढून दाखवली होती, आणि तीही मुंबईत, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे.