सतराव्या वर्षी वरच्या लीगमध्ये

स्पीडवे हा खेळ आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. मीही तो निवृत्तीनंतरच पाहिला, मुलाकडे लेस्टरला गेले होते तेव्हा. (तिथल्या जूनमध्येसुद्धा संध्याकाळी स्वेटर घालून बसावं लागतं, पण ते असो.) त्यामुळे आधी थोडं खेळाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं बोलणं कळेल.

लंबगोल मातीचा ट्रॅक, साधारण तीनशे मीटरचा. एका शर्यतीत चारजण, चार फेऱ्या, आणि सगळं मिनिटाभरात आटोपतं. मोटारसायकल ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, गियर एकच. आणि ब्रेक? ब्रेक नसतातच! वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट मातीवर घासत गाडी सांभाळायची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. संघात बहुधा सातजण. यात पंधरा-सोळा वर्षांची पोरं मोठ्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून उतरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी निम्मा वेळ डोळे मिटूनच होते.

मुलाच्या शेजारी राहणाऱ्या एका गृहस्थांचा पोरगा खालच्या लीगमध्ये चांगला चालवतो. त्याला आता वर न्यावं की अजून दोन वर्षं थांबावं, यावर त्या घरात वाद चालू होता. चहाला आले की तोच विषय. एकदा त्यांनी मला विचारलं, तुम्ही इतकी वर्षं मुलं शिकवलीत, तुम्हाला काय वाटतं? मी इतिहासाची शिक्षिका, मोटारसायकलची नव्हे. म्हटलं, आधी मागे काय घडलंय ते वाचते, मग बोलते. आणि वाचता वाचता मला तीन मुलं भेटली.

तिघंही न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चची. तिघंही वयाच्या सतराव्या वर्षी घर सोडून इंग्लंडला गेली. तिघंही लंडनच्या विंबल्डन या एकाच संघात. (हे टेनिसवालं विंबल्डन नव्हे. जवळच्या प्लाऊ लेनला स्टेडियम होतं. ते आता पाडलं असून २०२० पासून तिथे फुटबॉलचं मैदान आहे.)

पहिला रॉनी मूर. जन्म होबार्टचा, पण वाढला क्राइस्टचर्चला. १९५० साली आला आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला! सतरा वर्षांचं पोर वेम्बलीच्या ट्रॅकवर. पुढे १९५४ आणि १९५९ साली तो जगज्जेता झाला. दुसरा बॅरी ब्रिग्ज. तो १९५२ साली आला, थोडा वेळ घेतला, मग १९५७, १९५८, १९६४ आणि १९६६ अशी चार जगज्जेतेपदं मिळवली. इथपर्यंत वाचलं की वाटतं, झालं, उत्तर मिळालं! पोरात दम असला तर पाठवा वर, शिकेल आपोआप.

पण तिसरा राहिलाय. आयव्हन मॉगर, १९५७ साली आलेला. ब्रिग्ज पहिल्यांदा जगज्जेता झाला ते हेच वर्ष. आपल्या गावचे दोन नायक ज्या संघामुळे मोठे झाले, त्याच संघात हा आला. लग्न नुकतंच झालेलं, बायकोही कोवळ्या वयाची. आणि इथे त्याला मुख्य सामन्यात फारशी संधीच मिळेना. शेवटी तो मायदेशी परतला. गावात लोक काय म्हणाले असतील, त्याची आपण कल्पना करू शकतो. लोक सगळीकडे सारखेच.

आता मुद्दा असा की मॉगर मूरपेक्षा कमी कुवतीचा होता का? मुळीच नाही. १९६३ साली तो पुन्हा इंग्लंडला आला, पण या वेळी वरच्या लीगमध्ये नाही, तर प्रोव्हिन्शियल लीगमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर, न्यूकॅसलच्या संघात. तिथे तो रोज शर्यती जिंकायला शिकला. १९६८, १९६९, १९७० अशी लागोपाठ तीन वर्षं तो जगज्जेता झाला. तसं तोवर कुणाला जमलं नव्हतं. मग १९७२, १९७७ आणि १९७९. एकूण सहा! शेवटचं जेतेपद वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. मूर आणि ब्रिग्ज यांची जेतेपदं एकत्र केली तरच त्याच्याशी बरोबरी होते.

मग १९५७ साली काय चुकलं? मला वाटतं याचं उत्तर मुलात नाही, त्या सालात आहे. युद्धानंतर इंग्लंडात स्पीडवेला तुफान गर्दी व्हायची, लीगचे तीन-तीन विभाग होते. पुढे प्रेक्षक आटले, संघ बंद पडले आणि १९५६ नंतर दुसरा विभागही संपला. म्हणजे मॉगर आला तेव्हा वरचा जिना होता, पण मधल्या पायऱ्याच निघून गेल्या होत्या. वर जमलं तर जमलं, नाहीतर घरी. प्रोव्हिन्शियल लीग सुरू झाली १९६० साली, आणि त्यानंतर तीनच वर्षांत हा पठ्ठ्या परत आला. इतिहास शिकवताना मी मुलांना सांगायची की माणसाचं चरित्र वाचताना शेजारी त्या काळाचंही पान उघडं ठेवा. ते इथे तंतोतंत लागू पडतं.

आमच्या शाळेतही हा प्रश्न यायचा, जरा वेगळ्या रूपात. मूल हुशार आहे, याला एक वर्ष गाळून वरच्या इयत्तेत बसवा, असा पालकांचा हट्ट. काही मुलांना ते सहज जमायचं. काहींना अभ्यास जमायचा, पण वर्गातली सगळी त्यांच्याहून डोक्याने उंच, मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घेईना. आणि आपल्याकडे परत खाली बसणं म्हणजे नापास होणं, दुसरा शब्दच नाही त्याला. स्पीडवेत निदान खालच्या लीगमध्ये जाऊन पुन्हा उभं राहता येतं.

अलीकडचं उदाहरण घ्या. टाय वॉफिंडन, जन्म इंग्लंडचा, वाढला ऑस्ट्रेलियात पर्थला. २००६ साली पंधराव्या वर्षी तो स्कंथॉर्पकडून तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये सुरू झाला, मग राय हाउसकडून दुसऱ्या. इथवर क्रम छान. पण २०१० साली, एकोणीस वर्षांचा असताना, त्याला थेट जागतिक ग्रां प्री मालिकेत जागा मिळाली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला वडील कर्करोगाने गेले. तेही एकेकाळचे स्पीडवेपटू. त्या मोसमात तो गुणतक्त्याच्या तळाशीच राहिला आणि मालिकेतून बाहेर पडला. लोकांनी त्याला मोडीत काढलंही असेल. २०१३ साली परत आला तो जगज्जेता होऊनच, आणि पुढे २०१५ व २०१८ सालीही. ब्रिटनच्या दुसऱ्या कुणाला तीनदा जमलेलं नाही.

पोलंडची रीत मात्र मला सगळ्यांत आवडली. तिथे हा खेळ आपल्याकडच्या क्रिकेटसारखा. वरच्या लीगमध्येही प्रत्येक संघात एकवीसपर्यंतच्या वयाचे ज्युनियर घ्यावेच लागतात, आणि सामन्यातली दुसरी शर्यत फक्त ज्युनियरांची असते. म्हणजे मुलगा वर गेला तरी दर सामन्यात निदान एकदा आपल्या जोडीच्या मुलांशी झुंजतो, आणि मग मोठ्यांशी. बार्तोश झ्मार्झलिक याच रीतीत वाढला. २०१२ साली सतराव्या वर्षी आपल्या गोझूफच्या ट्रॅकवर ग्रां प्रीत तिसरा, २०१४ साली तिथेच पहिला. क्लब मात्र बदलला नाही, २०२२ पर्यंत गोझूफकडेच राहिला. २०१९ साली पहिल्यांदा जगज्जेता झाला आणि २०२५ साली त्याने सहावं जेतेपद मिळवून मॉगरची बरोबरी केली.

या रीतीलाही खोट आहेच. एकविसावं वर्ष संपलं की राखीव जागा जाते, आणि कालपर्यंत हवाहवासा असलेला पोरगा एकदम नकोसा होतो. म्हणून २०२१ पासून तिथल्या वरच्या लीगमध्ये चोविसाच्या आतल्या एकासाठीही जागा ठेवली आहे.

तुमच्यापैकी कुणीतरी सचिनचं नाव काढणार, हे ठाऊक आहे मला! सोळाव्या वर्षी कराचीत उतरलाच ना? उतरला. पण क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला मुलगा त्याच बॅटने पुन्हा खेळतो. स्पीडवेत बहुतेकांना पैसे मिळतात ते मिळवलेल्या गुणांवर, आणि गाडी, इंजिन, दुरुस्ती सगळं स्वतःच्या खिशातून. वरच्या लीगमध्ये रोज चौथा येणारा मुलगा कमवत काही नाही आणि गाडी मात्र झिजवतो. मग उसनवारी, मग वडिलांचं कर्ज, मग ते कर्ज डोक्यात ठेवून पहिल्या वळणावर नको तिथे घुसणं. इजेचं भय मी त्यापेक्षा वेगळं मानते. डार्सी वॉर्ड दोनदा ज्युनियर जगज्जेता झालेला, अतिशय गुणी, आणि २०१५ साली पोलंडमधल्या अपघाताने कायमचा चाकाच्या खुर्चीत गेला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, मोठ्यांच्या लीगमध्ये चांगला मुरलेला. अपघात काही वय विचारून येत नाही.

तर शेजारच्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं की मुलाचं वय मला विचारू नका, करार दाखवा. खालच्या संघातली जागा ठेवून वरच्या संघाकडूनही चालवता येतं, तशी पद्धत तिकडे आहेच. ती मिळत असेल तर यंदाच पाठवा. खालची जागा सोडून या म्हणत असतील तर थांबा. आणि गाडीचा खर्च वर्षभर कोण करणार, हे सही करायच्या आधी कागदावर लिहून घ्या. यावर ते गृहस्थ हसले. त्यांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत, त्यांनी आत जाऊन कागद आणला.